बुगकाठचे करकोचे

"नदीपलीकडची आहे हो ती, जुनं विसरू नका," वांदा सासूबाई सासऱ्यांच्या कानात कुजबुजल्या आणि नेमकं तेवढंच घरट्यात आलेल्या नव्या सुनेनं, ओलेस्यानं, ऐकलं.

फार फार पूर्वी बुग नदीच्या अलीकडे पोलंडचे करकोचे राहत आणि पलीकडे युक्रेनचे. कधीकाळी दोघांनी एकमेकांची घरटी पिल्लांसकट पाडली होती. ती गोष्ट दोन्ही काठांवर डोळ्यांत पाणी आणून सांगत, फक्त स्वतः पाडलेली घरटी तेवढी गाळून. ओलेस्यानं दोन्हीकडची ऐकली होती, म्हणून ती गप्प असायची.

एके सकाळी पूर्वेच्या अस्वलानं पलीकडची झाडं धडाधड पाडायला सुरुवात केली! धापा टाकत, पिल्लांना मधे घेऊन तिकडचे सारे करकोचे नदीवर आले. "आले, आले!" अलीकडे चोचींची एकच टकटक उडाली.

"घ्यायचं का घरट्यात?" सासऱ्यांनी विचारलं.

"आधी विचारा त्यांना, आमची घरटी कुणी पाडली!" सासूबाई कडाडल्या.

वर घिरट्या घालून दमलेलं एक पिल्लू पाण्याकडे घसरू लागलं.

ओलेस्या पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "विचारू ना, सासूबाई. त्यांनाही आपल्याला विचारू द्या. मी दोन्हीकडचं सांगेन, काही न गाळता. पण आधी जरा सरका, पिल्लू उतरतंय."