खडीसाखरेचा खडा

"तिला तुम्ही नेमकं काय दिलंत, आक्का?"

"कुणाला गं?"

"तनयाला. आमच्या शेजारच्या शिल्पाची मुलगी. सुट्टीत दोघी इथे येऊन गेल्या, आणि तेव्हापासून…"

वृंदाने आपल्या मुलीकडे पाहिलं. पुढचं बोलणं तिला जड जात होतं.

टेकडीवरच्या मठाच्या ओट्यावर आक्का शेंगा सोलत बसल्या होत्या. वृंदाच्या शेजारी तिची आठ वर्षांची मधुरा हाताची घडी घालून बसली होती. कसं बसायचं ते तिला वाटेतच सांगून झालं होतं.

"तेव्हापासून काय?"

"प्रश्न विचारते. पालकसभेत बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. म्हणे, तनयाने विचारलं, चंद्र आपल्याबरोबर चालतो, मग दोघं उलट दिशांना निघाले तर तो कुणाबरोबर जाईल?"

"वा! मग, कुणाबरोबर जाईल?"

"ते महत्त्वाचं नाही हो, आक्का!"

आक्कांनी एक शेंग फोडली. "आणि हिच्याबद्दल काय म्हणाल्या बाई?"

वृंदाने आवाज उतरवला. "पाठांतर उत्तम. पण पुस्तकाबाहेरचं विचारलं की माझ्याकडे बघते. मी तिथे नसले, तर दाराकडे बघते. मी काय करायचं बाकी ठेवलंय, सांगा. कोड्यांची पुस्तकं आणली, बुद्धिबळाचा क्लास लावला. आणि ती शिल्पा! कधीही जा, बाई निवांत भाजी निवडत बसलेली. काही म्हणजे काही करत नाही, पोरीला काही सांगत नाही. तिच्याच पोरीला कसं सुचतं?"

आक्कांनी टरफलं सुपात टाकली.

"तनयाला जे दिलंत तेच हिलाही द्या. एवढंच मागायला आलेय."

आक्कांनी ओट्याच्या कडेला चार दाणे ठेवले आणि हाक मारली, "ये गं चिमे."

चाफ्यावरून एक खार सरसर उतरली, दाणे घेऊन परत वर गेली.

"बघितलंस, मधुरा? मी हाक मारली की येते. का येत असेल?"

"प्रेमामुळे," वृंदा म्हणाली.

"मी हिला विचारलं."

"हो, ती तेच म्हणणार होती. हो ना गं? सांग आक्कांना. प्राणिमात्रांवर…"

मधुराने आईकडे पाहून मान हलवली. "प्राणिमात्रांवर प्रेम केलं की ते आपल्याकडे येतात."

आक्का उठल्या, आत देवीपुढे जाऊन आल्या. वृंदा सावरून बसली. मधुराला कोपराने ढोसून म्हणाली, "उजवा हात पुढे कर."

आक्कांनी खडीसाखरेचा खडा वृंदाच्याच हातावर ठेवला.

"मला?"

"मठाची रीत आहे. हा चावायचा नाही, आणि तोंडात आहे तोवर बोलायचं नाही."

प्रसादाला नाही कसं म्हणायचं? वृंदाने खडा तोंडात टाकला. चांगलाच मोठा होता. गाल फुगला.

आक्का मधुराकडे वळल्या. "हं. खार का येते?"

मधुराने आईकडे पाहिलं.

आईने भुवया उंचावल्या. गालाकडे बोट दाखवलं.

मधुराने दाराकडे पाहिलं.

आक्का शेंगा सोलत राहिल्या…

वृंदाला उत्तर येत होतं. एक नाही, तीन येत होती. तनया असती तर एव्हाना बोलून मोकळी झाली असती, असंही मनात आलं. जिभेखाली खडा टोचत होता.

बराच वेळ गेला. मधुराची हाताची घडी सुटली.

"आक्का… हाक न मारता नुसते दाणे ठेवले तर?"

"कोण जाणे. मी कधी करून पाहिलं नाही."

"करू या?"

आक्कांनी दाणे तिच्या हातात दिले. मधुराने ते कडेला ठेवले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. खार आली. दाणे घेऊन गेली.

"अरेच्चा," आक्का म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्या हाकेला येते."

"थांबा. आता दाणे नको, नुसती हाक मारा."

"ये गं चिमे."

खार आली. रिकामी कड हुंगली, शेपूट उडवली, निघून गेली.

मधुराचं कपाळ आक्रसलं. "म्हणजे हाकेलाही येते. पण दाणे नाहीत हे तिला आता कळलं. उद्या नुसत्या हाकेला येईल का?"

"तुला काय वाटतं?"

"माहीत नाही."

वृंदा सांगायला पुढे झुकली. खडा दाताखाली आला. तिने तो पुन्हा गालात सरकवला.

"माहीत नाही," मधुरा परत म्हणाली. या वेळी तिला त्याची मजा वाटत होती. ती उठून चाफ्याखाली गेली आणि मान वर करून उभी राहिली.

शेवटी खडा विरघळला. वृंदाने पदराने डोळे पुसले, मग घसा खाकरला.

"तनयाला… हेच दिलं होतंत?"

"तिला काही दिलं नव्हतं."

"म्हणजे शिल्पाला?"

आक्कांनी मान डोलावली.

वृंदाने चाफ्याखालच्या मधुराकडे पाहिलं. पण तिला राहवेना.

"तिचा खडा माझ्यापेक्षा मोठा होता का, आक्का?"

आक्कांनी सुपातली टरफलं पाखडली.

"लहान होता. पण तिने अजून संपवलेला नाही."