बयाजीनं जीपचं तेल बदललं

एका डोंगरातल्या गावात एक भोळा भाचा होता. गावाचं नाव उंबरदरा आणि भाच्याचं नाव बयाजी. वय पस्तीस. एकदा ऐकलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. सगळी अडचण तिथंच होती.

बयाजी आपल्या तानूमामाकडं राहायचा. मामाची एक जुनी जीप होती, चारही चाकांनी ओढणारी. चिखल असो, दगड असो, ओढा असो, ती चढून जायची. दुसरी कुठलीच गाडी उंबरदऱ्यापर्यंत येत नसे. मामाचे गुडघे धरले होते, म्हणून जीप बयाजी चालवायचा. आणि चांगली चालवायचा. कारण चालवताना त्याला कुणी काही शिकवत नसे.

मामाच्या मुलाचं, विलासचं, लग्न ठरलं. मुलगी घाटापलीकडच्या पिंपळवणातली. मुहूर्त गुरुवारी दुपारी बारा पस्तीसचा. नवरदेवाला वेळेवर पोचवायचं तर जीपच हवी, आणि जीप तर चालता चालता घुरघुरायला लागली होती. पावसाळ्यात ती ओढ्यात पोटापर्यंत बुडाली होती.

"तेलात पाणी शिरलंय," मामा म्हणाला. "अशीच घाटात नेली तर आतल्या चक्रांचे दात झडतील. मग विलासनं काय चालत जायचं लग्नाला? तीन ठिकाणचं तेल बदलायला पाहिजे. पुढच्या चाकांच्या मध्ये एक लोखंडी गोळा आहे, मागच्या चाकांच्या मध्ये दुसरा. आणि पोटाखाली मधोमध एक डबा आहे, तिथून पुढं-मागं जोर वाटला जातो. मला काही खाली शिरता येत नाही. तू शिर. तिन्ही नीट केलंस, तर नवरदेवाची गाडी तूच चालवायची."

बयाजीला इतका आनंद झाला, की तो तिथल्या तिथंच गाडीखाली शिरला. पाना बाहेरच राहिला होता, तो मामानं आत दिला.

तो सोमवार होता. मामा खाट टाकून शेजारी बसला.

"पुढचा गोळा दिसतोय? त्याला खाली एक बूच आहे. ते खोल."

बयाजीनं खोललं. ताकासारखं पांढुरकं तेल भळाभळा खालच्या घमेल्यात पडलं.

"आता खालचं बूच लाव, आणि वरचं खोलून नवं तेल घाल."

वरचं बूच गंजलं होतं. ते हलेना. रॉकेल ओतलं, हातोडीनं ठोकलं, पान्याला पाइप लावून दोघा शेजाऱ्यांनी लोंबकळून बघितलं. जुनं तेल गेलं होतं आणि नवं जायला वाट नव्हती. दिवस मावळताना एकदाचं बूच सुटलं.

"अरे शहाण्या," मामा घाम पुसत म्हणाला, "मी सांगायला चुकलो, पण तुला तरी कळू नये? आधी वरचं उघडून बघायचं, मगच खालचं उघडायचं. जन्मभर ध्यानात ठेव."

"ठेवलं, मामा."

मंगळवारी सकाळी मामीनं हाक मारली, "बयाजी, कोंबड्या सोड रे."

खुराड्याला खाली एक लहानसं दार होतं. ते सरकवलं की कोंबड्या एकेक करून बाहेर यायच्या. बयाजी खुराड्यावर चढला. वरचे दगड उतरवले, मग पत्रे काढले. कोंबड्या फडफडत निघाल्या. दोन शेजारच्या कौलांवर, चार चिंचेवर, आणि कोंबडा थेट विहिरीच्या रहाटावर.

"अरे, पत्रे कशाला काढलेस?" मामी ओरडली.

"आधी वरचं उघडायचं, मामी. आता खालचं उघडतो."

आणि त्यानं खालचं दार नीट उघडून दिलं. बाहेर यायला कुणी उरलं नव्हतं.

दुपारी मागच्या गोळ्याची पाळी आली. बयाजीनं आधी वरचं बूच उघडलं, मग खालचं. मामा खूश झाला. बयाजी पिचकारीनं नवं तेल भरायला लागला.

"मामा, झालं का?"

"मला इथून काय दिसतंय? वरच्या भोकातून ओघळायला लागलं की समज, भरलं. ओघळत नाही तोवर घालत राहायचं. ध्यानात ठेव."

"ठेवलं, मामा."

तेल ओघळलं. बूच बसलं. काम अगदी बिनचूक झालं. तेवढ्यात पिंपळवणाहून नवरीचे काका आले. पांढरंशुभ्र धोतर, नवा फेटा, पहिल्यांदाच घरी येत होते. मामीनं चहाची किटली बयाजीच्या हातात दिली. "जा, पाहुण्यांना ओत."

बयाजी ओतायला लागला. कप अर्धा झाला.

"बास," काका म्हणाले.

"अजून नाही."

कप काठोकाठ झाला.

"अहो बास, बास!"

"काका, ओघळलं नाही तर कसं समजायचं?"

कपातला चहा बशीत आला, बशीतला धोतरावर आला. मग काकाच उठून उभे राहिले, एकदम.

"आता भरलं," बयाजी म्हणाला आणि किटली खाली ठेवली.

पाहुणे गेल्यावर मामानं कपाळावर हात मारला. "लग्न मोडायचंय का तुला? प्रत्येक गोष्टीला माप असतं. उद्या मधल्या डब्याला तरी असलं काही करू नकोस. जेवढं बाहेर निघेल तेवढं मोजायचं, आणि बरोबर तेवढंच आत घालायचं. कमी नाही, जास्त नाही. ध्यानात ठेव."

"ठेवलं, मामा."

बुधवारी बयाजी मधल्या डब्याखाली शिरला. आधी वरचं बूच, मग खालचं. निघालेलं तेल त्यानं मापानं मोजलं. दोन मापं भरली, वर थोडं राहिलं. घटकाभरानं तो हात पुसत बाहेर आला.

"झालं, मामा. दोन मापं आणि थोडं निघालं, दोन मापं आणि थोडं घातलं. एक थेंब वाया घालवला नाही."

मामानं नव्या तेलाचा डबा हलवून बघितला. तो उघडलेलाच नव्हता.

"बयाजी, तू कुठलं तेल घातलंस?"

"जे निघालं तेच."

मामा खाटेवर आडवा झाला. मामीनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन मामा उठला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "जुनं एकदा बाहेर काढलं की ते संपलं. ते परत आत घ्यायचं नाही. त्याच्याकडं वळून बघायचंसुद्धा नाही. मोजून तेवढंच घालायचं, पण नवं. सगळं नवं! कळलं का?"

"कळलं, मामा."

"ध्यानात ठेव."

"ठेवलं."

बयाजीनं नवं तेल घातलं. संध्याकाळी जीप गावातून फिरवून आणली. घुरघुर नाही, खडखड नाही. मामाचे डोळे भरून आले. "उद्या तूच चालव," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी जीपला झेंडूच्या माळा लावल्या. मामी नवरीच्या स्वागताला घरी थांबली. वऱ्हाड म्हणजे घरचीच अकरा माणसं. पुढं मामा, मागं विलास फेटा आणि मुंडावळ्या सांभाळत, बाकीचे जागा मिळेल तसे. चिखल आला, ओढा आला, उभा चढ आला. जीप लोण्यातून सुरी जावी तशी वर चढली. साडेअकराला घाटमाथ्यावरच्या तिठ्यावर पोचली. मामानं घड्याळ बघितलं. वेळ भरपूर होता.

"बयाजी, थांबव. सगळ्यांना उतरव, चहा घेऊ."

बयाजीनं आधी वरची ताडपत्री सोडली. मगच मागचा फाळका खाली पाडला. सगळे हसत हसत उतरले आणि टपरीच्या मागं बाकांवर जाऊन बसले. उतरताना बयाजीनं मोजलं. अकरा निघाले.

जीप रिकामी झाली. बयाजी तिच्याकडं बघत उभा राहिला.

तिठ्यावर पिंपळवणाच्या बाजाराला निघालेली माणसं ताटकळत बसली होती. त्यातला एक शेळीवाला म्हातारा पुढं आला. "पाव्हणं, पिंपळवणाला जाणार काय?"

"तिकडंच चाललोय. तुम्ही ह्या गाडीतून उतरला का?"

"न्हाय बा. आम्ही सकाळधरनं हितंच बसलोय."

"मग तुम्ही नवे. बसा."

म्हातारा बसला. एक भांडीवाली टोपली घेऊन बसली. कात्र्यांना धार लावणारा बसला, मडकीवाला बसला, दोन म्हाताऱ्या बसल्या. असे दहा झाले. बयाजीनं पुन्हा मोजलं. दहाच. एक कमी. त्यानं म्हाताऱ्याची शेळी उचलून आत ठेवली.

"अकरा," तो म्हणाला आणि जीप सुरू केली.

आवाज ऐकून विलास चहाचा कप टाकून धावत आला. मुंडावळ्या वाऱ्यावर उडत होत्या. "बयाजीदादा! थांब! मी राहिलो! अरे, मी नवरा आहे!"

त्याच्या मागून मामा लंगडत येत होता. तोही काहीतरी ओरडत होता.

बयाजीला सगळं ऐकू आलं. पण त्यानं वळून बघितलं नाही. मामानंच सांगितलं होतं.

बरोबर सव्वाबाराला जीप पिंपळवणाच्या मांडवासमोर उभी राहिली. बँड वाजायला लागला. नवरीचे वडील केरबाअण्णा हार घेऊन पुढं आले. नवरीची आई ताट घेऊन आली आणि खाली मान घालूनच जो पहिला उतरला त्याला कुंकू लावलं. मग मान वर करून बघितलं, तर ती शेळी होती.

बँड एकेक वाद्य करत थांबला. शेळीमागून म्हातारा उतरला, टोपलीसकट भांडीवाली उतरली, कात्रीवाला उतरला. धोतरवाले काका बयाजीला बघून चार पावलं मागं सरले.

"अहो, नवरदेव कुठाय?" केरबाअण्णांनी विचारलं.

"घाटावर काढला."

"काढला? आणि तुमचे मामा?"

"ते पण काढले. अकराच्या अकरा काढले. मोजून तेवढेच आणलेत, अण्णा. कमी नाही, जास्त नाही."

केरबाअण्णा हारासकट मटकन खुर्चीवर बसले. आत नवरी पिवळी साडी नेसून, हळद लावून तयार बसली होती. घाट इथून अकरा मैल. भटजींनी पंचांग उघडलं, बोटं मोजली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अण्णा, धीर सोडू नका. बारा पस्तीसचा हुकला तरी संध्याकाळी गोरज मुहूर्त आहे. ह्या गाडीवाल्याला काही परत धाडायला नको, तोवर नवरा येईलच की पायी पायी."

"आणि वाटेत बसला तर? मी नवरा कुठून आणू?" केरबाअण्णांना हुंदका आला.

बयाजीला त्यांची फार दया आली. तो जवळ गेला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फाळक्याशी उभ्या असलेल्या मंडळींकडं बोट दाखवून म्हणाला,

"अण्णा, जुन्यासाठी संध्याकाळपर्यंत कशाला थांबताय? शेळी सोडली तरी हे दहा आहेत. सगळे नवे. बघून घ्या एखादा."