ओदिलबाईंची खोली

कॅनडाच्या पार उत्तरेला, बर्फातल्या एका लहानशा गावात मी नर्स म्हणून तीन वर्षं काढली. त्याला आता तीस वर्षं होतील, पण ओदिलबाई अजून डोळ्यांसमोर येतात. तिथली फ्रेंच बोलणारी मोजकी घरं त्यांनीच धरून ठेवली होती. सरकारी इमारतीतल्या एका खोलीत त्या दर शनिवारी दुपारी फ्रेंच शिकवायच्या, गाणी म्हणायच्या; मी नुसती ऐकायला जाऊन बसायचे.

एका डिसेंबरात राजधानीतून बडे साहेब आले. वर्गात जेमतेम अकरा माणसं पाहून ते हसले.

"बाई, इथे फ्रेंच कुणाच्या कानावर तरी पडतं का? ही खोली आम्ही गोदामाला देतोय."

सगळ्यांचे चेहरे उतरले. ओदिलबाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, इथे आल्यापासून सूर्य पाहिलात?"

"कुठला सूर्य! तो म्हणे महिनाभर उगवतच नाही."

"मग गावातल्या सगळ्या खिडक्या फळ्या ठोकून बंद करायच्या का?"

साहेब काळोख्या काचेकडे पाहत राहिले. मग त्यांनी गोदामाचा हुकूम घडी करून खिशात घातला. ओदिलबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि आपल्या आईचं गाणं सुरू केलं. मला त्यातला एकही शब्द कळत नव्हता, तरी त्या दिवशी मीही गायले.