कलिंगडामागचा माणूस

सोनवडी संस्थानात चोरामागे धावणारे शिपाई भर बाजारात बंदुका उडवू लागले, तेव्हा जिवाला घाबरलेल्या बाजारकऱ्यांनी फळांचे अडते तवनाप्पा यांना पुढे करून दरबार गाठला. तिथे पोलीसप्रमुख दौलतराव सुर्वे नव्या गोळ्यांच्या खरेदीला महाराजांची मंजुरी मागत होते.

"सरकार, ही गोळी टोकाला पोकळ आहे. अंगात शिरली की फुलते आणि तिथंच थांबते. मागच्याला ओरखडासुद्धा नाही. मोठी दयाळू गोळी आहे!"

"ज्याच्या अंगात फुलते, त्यालाही दयाळूच वाटत असेल," तवनाप्पा हात जोडून म्हणाले.

"आप्पा, तुम्ही कलिंगडं विका. यातलं तुम्हाला काय कळतंय?"

"खरंय रावसाहेब, म्हणून कलिंगडच आणलंय. गिऱ्हाइकाला माल पटावा म्हणून आम्ही आधी स्वतः फोड खाऊन दाखवतो. आता हे त्या चौथऱ्यावर ठेवतो. तुमचा शिपाई गोळी झाडेल, तुम्ही फक्त कलिंगडाच्या मागे उभे राहा."

दरबारात खसखस पिकली. महाराजही सरसावून बसले. रावसाहेब चौथऱ्यापासून दोन पावलं मागे सरले.

"अहो, पण त्याचा नेम चुकला तर?"

"तेच विचारायला आलोय, रावसाहेब. बाजारात कलिंगडांच्या मागे रोज आम्हीच बसलेले असतो."

महाराजांनी खरेदीचा कागद बाजूला सारला आणि बाजारात बंदूक न्यायलाच बंदी घातली. कलिंगड तिथंच कापलं गेलं. रावसाहेबांना तवनाप्पांनी आपल्या हातानं फोड दिली, अर्थात आधी स्वतः चाखून.