अकरा पायऱ्यांचं दार

वाकपाट गावात पाटाच्या काठाने बावीस घरं आहेत आणि प्रत्येक दारातून दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. कुठे तीन, कुठे सात, आणि पहिल्या घराला अकरा. पाहुणे फोटो काढतात, जुन्या लोकांच्या कल्पकतेची तारीफ करतात. गाव दाखवणारे आबा मात्र खाली बघतात. "तारीफ र्‍हाऊ द्या," ते म्हणतात, "आधी ऐका."

असे सांगतात, की पाट होण्याआधी इथल्या बायका कोसभरावरच्या नदीतून पाणी आणत. हैबती नावाच्या गवंड्याने परातीत पाणी धरून जमिनीचा उतार पाहिला आणि नदीपासून शिवारापर्यंत खुंट्या ठोकल्या. गावातल्या लिंबाजीच्या घरी तो उतरला होता, जेवणही तिथेच. खुंट्यांच्या रेघेत कंबरभर खणा, एवढं सांगून तो दगड आणायला खाणीवर गेला.

लिंबाजीचं घर रेघेच्या वर, चढावर होतं. घागरी वाहून बायकोच्या टाळूवरचे केस गेलेले. पाट दारातून गेला तर कुणाचं काय बिघडतं, असं म्हणत त्याने आपल्या समोरची खुंटी उपटली आणि वर दारात नेऊन ठोकली. शेजाऱ्याने ते पाहिलं आणि आपलीही ओढली. आठवड्यात बावीस खुंट्या हलल्या म्हणे, आणि कुणी कुणाला एका शब्दाने विचारलं नाही.

हललेल्या खुंट्यांच्या रेघेत पाट खणून गावाने पाणी सोडलं. ते लिंबाजीच्या दाराअलीकडे आलं आणि तिथेच तुंबलं. चढ कसा चढणार? शिवार कोरडं राहिलं आणि गाव चावडीवर जमलं. खाणीवरून परतलेल्या हैबतीला कुणी अडाणी म्हणालं, कुणी लबाड. शेवटी ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्याकडे वळून हैबतीने विचारलं, "लिंबाजीदादा, तुमची खुंटी मी ठोकली तिथंच हाय न्हवं?"

खरं ते लिंबाजीच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

"तिथंच हाय," तो म्हणाला.

हैबतीने हातातला भिंत तपासायचा ओळंबा चावडीच्या पायरीवर ठेवला आणि तो गाव सोडून गेला. दारातला पाट त्याने येतानाच पाहिला असणार, हे लिंबाजीला घरी आल्यावर उमगलं. म्हणजे त्याने विचारलं ते आपल्याला बोलता यावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी तो एकटाच दारातल्या चरात उतरला आणि खोल खणू लागला. मग शेजारी उतरला, मग बाकीचे. ज्याने खुंटी जितकी वर ओढली, तितकं त्याला खाली जावं लागलं, आणि तितक्याच पायऱ्या त्याच्या दाराला आल्या; लिंबाजीच्या दाराला अकरा. लपवलेलं सगळं दगडात उघडं पडलं. पाणी शिवारात पोचलं त्या दिवशी लिंबाजीची बायको पहिली घागर घेऊन वर आली आणि म्हणाली, "नदीची वाट लांब हुती, पण मान वर करून चालता येत हुतं."

लिंबाजी पुढे गावोगाव हैबतीला शोधत फिरला. तो सापडला नाही.

आजही वाकपाटात घर बांधताना पहिला दगड बसण्याआधी घरधनी गवंड्यापुढे हात जोडतो आणि म्हणतो, "खुंटी मी हलवली." गवंडी त्यावर काही बोलत नाही. माफ करायचं ज्याच्या हाती होतं, तो परत आलाच नाही.

पाहुणे निघाले की आबा घागर उचलतात आणि अकरा पायऱ्या उतरू लागतात. ते घर त्यांचंच आहे.