तुंगभान राजाचा कललेला महाल

"महाल मागे कललाय!" तुंगभान राजा गरजला. "आम्ही उभे राहिलो की मागे झुकतो. कंबर मोडून येते. समोर बघावं तर छताची झुंबरं दिसतात! त्या गवंड्याने फरशीच वाकडी बसवली!"

"वाकडीच, महाराज!" प्रधान हरबाजी म्हणाले. हरबाजी काडीसारखे बारीक होते. राजाच्या प्रत्येक शब्दाला डोलावून डोलावून त्यांची मान तेवढी जाड झाली होती.

राजाचं पोट दरबारात राजाच्या आधी पोचायचं. स्वतःचे पाय त्याने राज्याभिषेकानंतर पाहिले नव्हते. पण हे त्याला सांगणार कोण?

सिद्राम गवंड्याने सांगितलं नाही, दाखवलं. पाण्याने काठोकाठ भरलेली परात त्याने फरशीवर ठेवली. पाणी सगळ्या काठांना सारखं टेकलं. एक थेंब सांडला नाही.

"पाणीही फितूर आहे!" राजा ओरडला. सिद्रामच्या पाठीवर चाबूक ओढले गेले, त्याला कोठडीत टाकलं आणि दवंडी पिटली : सोमवारी सूर्य मावळायच्या आत महाल सरळ झाला नाही, तर गवंड्याचा कडेलोट! आणि हो, एक भिंत पाडायची नाही, एक फरशी उचलायची नाही!

सोमवारी सकाळी सिद्रामचा धाकटा भाऊ गेनू गडावर आला. डोळे रडून सुजलेले, सदरा घाईत उलटा घातलेला. पहारेकरी आडवा आला, तर त्याला ढकलून तो थेट दरबारात शिरला. हातात भावाचा ओळंबा होता : लांब दोरी, आणि तिच्या टोकाला शिशाचा गोळा.

"मी करतो महाल सरळ!" गेनू म्हणाला. "पण माझा भाऊ सोडायचा."

"आधी करून तर दाखव!"

"आधी माप, महाराज. आमच्यात रीत आहे. पहिला ओळंबा घरधन्याने धरायचा, त्याशिवाय गवंडी थापीला हात लावत नाही. धरा दोरी, हनुवटीशी!"

राजा कण्हत उठला. त्याने दोरी हनुवटीला लावली आणि गोळा सोडला. गोळा जरासा खाली गेला आणि राजाच्या पोटावर निवांत जाऊन बसला!

दरबारात सगळ्यांना एकदम खोकला आला.

"दोरी आखूड आहे!" राजा गुरगुरला.

"दोरी विहिरीचा तळ गाठते, महाराज. वाटेत मुक्कामाला जागा मिळाली, त्याला ती काय करणार? बरं, प्रधानजींना धरू द्या."

हरबाजींनी दोरी धरली. गोळा सरळ त्यांच्या पायाच्या अंगठ्यापाशी येऊन थांबला.

"प्रधानजी, महाल कसा आहे?" गेनूने विचारलं.

"मागे कललेला!"

"मग तुम्ही का नाही कललात?"



गेनूने कोठारातून ज्वारीचं पोतं मागवलं आणि ते हरबाजींच्या पोटावर करकचून बांधलं. "आता उभे राहा!"

हरबाजी पुढे कोलमडले. सावरायला म्हणून त्यांनी खांदे मागे टाकले, कंबर आत ओढली, दोन्ही हात कमरेवर ठेवले. "अरे देवा! पाठ गेली माझी! झुंबरं दिसतायत!"

"बघा!" राजाने टाळी वाजवली. "कलला ना महाल? आता कळलं ना सगळ्यांना?"

"म्हणजे महाल आत्ता कलला, महाराज? मगाशी तर सरळ होता." गेनूने गाठ सोडली. पोतं धपकन खाली पडलं. हरबाजी बांबूसारखे ताठ झाले. "आणि आता परत सरळ झाला! एक भिंत पाडली नाही, एक फरशी उचलली नाही."

राजाने पोत्याकडे पाहिलं. मग सावकाश हात स्वतःच्या पोटावर ठेवला. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"उद्धटा! पाठ सोलून काढीन!"

"काढा!" गेनूचा आवाज फाटला. "एका भावाची काढलीच आहे! त्याची पाठ चाबकाने वाकली, तुमची श्रीखंडाने. दुखतात दोन्ही सारख्याच, एवढं तरी तुम्हाला कळायला हवं होतं!"

हरबाजींची मान डोलता डोलता मधेच थांबली. राजाने बराच वेळ कंबर चोळली.

"प्रधानाचं पोतं तू सोडलंस," तो शेवटी म्हणाला. "आमचं कोण सोडणार?"

"तुमचा मुदपाकखाना सोडेल, महाराज. तो गडाच्या पायथ्याशी न्या. ताट वर येणार नाही. भूक लागली की तुम्ही खाली जायचं, पायी!"

"आणि जेवून वर कसे येऊ?"

"चढून! इतकी वर्षं मागे झुकलात ना? चढावर कोणी मागे झुकून दाखवावं! तिथे राजासुद्धा पुढे वाकतो."

राजा आधी फसकन हसला. मग पोट धरून हसला. पोटाला एक हात पुरेना, म्हणून दोन्ही हातांनी धरून हसला. "अरे, हसतानाही कंबर दुखते रे! सोडा, त्या गवंड्याला सोडा!"

सिद्रामला दोघा पहारेकऱ्यांनी धरून आणलं. त्याला ताठ उभं राहता येत नव्हतं. गेनूने त्याच्या काखेत खांदा घातला. दरबारात असून सिद्रामने मुजरा केला नाही, आणि त्याला कोणी टोकलंही नाही.

राजाने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून गेनूच्या गळ्यात टाकला. "आणि आमची पालखी आणा! हा गवंडी तिच्यातून घरी जाईल. आम्हाला काय, आम्ही आता पायी!"

भोई धावत आले. इतक्या वर्षांत इतकं हलकं ओझं त्यांना कधी मिळालं नव्हतं.

"महाराज, एक भोई कमी आहे," गेनू म्हणाला.

राजाने हरबाजींकडे पाहिलं आणि पुन्हा खो खो हसत सुटला. "प्रधानजी! महाल अजून कललेला वाटतो का?"

"नाही, महाराज! अगदी सरळ!"

"मग द्या खांदा!"