जिवंतपणी फोडलेला घट

पूर्वी मिथिला नगरीत राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या एका गावी कुंभाराच्या घरी जन्मले होते. त्यांची मडकी घरोघरी असत. त्याच गावात नंदिक नावाचा एक मोठा गृहपती राहत असे. रोहक हा त्याचा एकुलता एक मुलगा.

बांधाच्या भांडणात रोहकाने पंचांपुढे खरे सांगितले, आणि खरे बापाच्या विरुद्ध होते. नंदिकाचा तिळपापड झाला. त्याने मुलाचा घटस्फोट करायचे ठरवले. ज्याच्या नावाने पाण्याचा घट फोडला, तो जिवंत असूनही मेला, अशी तिथली रीत होती. त्याला पुढे कोणी पाणीही देत नसे.

नंदिक घट घ्यायला आला, तेव्हा बोधिसत्त्व म्हणाले, "गृहपती, काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही. या कामासाठी माझ्याकडे घट नाही."

"गावात कुंभार काय तू एकटाच आहेस?" नंदिक म्हणाला. त्याने दुसऱ्याकडून घट आणून फोडला, वर सुतकाची आंघोळही केली. रागावलेल्या माणसाला विधी मोठा नेटका साधतो.

रोहक गावाबाहेर झोपडीत राहू लागला. उन्हाळ्यात त्याला ताप भरला. बोधिसत्त्वांनी त्याला पाणी पाजले, म्हणून गावाने त्यांची मडकी घेणे सोडले. शेवटी ते नंदिकाच्या दारी गेले.

"रोहक बोलावतो आहे. त्याचे काही खरे नाही. चला."

नंदिक उठू लागला. पण ओसरीवर चार माणसे बसली होती. "माझा मुलगा मागेच मेला," तो म्हणाला.

बोधिसत्त्व परतले. रोहकाने त्यांच्याच मांडीवर प्राण सोडला.

तेव्हा मात्र नंदिक अनवाणी धावत आला. खांदा द्यायला पुढे झाला, तर पंचांनी त्याला अडवले. "तुझ्या मुलाच्या नावाने तू मागेच पाणी सोडलेस. हा तुझा कोण?"

नंदिक बोधिसत्त्वांकडे वळला. "मी येत नाही म्हणालो, हे त्याला कळले का रे?"

"त्याने विचारले, बाबा येतात का? मला खोटे बोलता आले नाही."

चितेला अग्नी कुंभाराने दिला. बाप परक्यासारखा लांब उभा राहिला. मोठ्याने रडायचा हक्कही त्याने घालवला होता.

मुलाचे तोंड पाहणार नाही अशी शपथ घेतलेल्या एका गृहस्थाला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "तो कुंभार मी होतो. नंदिक तू होतास आणि रोहक तुझा हाच मुलगा. सगळ्यांनी टाकलेल्याला आपला म्हणणे, ही मैत्री. गृहस्था, या जन्मी तो अजून जिवंत आहे."